घरची सीट

प्रिय बडबडे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, माझी तब्येत उत्तम आहे. रक्तदाब ताब्यात आहे आणि एक सोडून सगळे दात जागेवर आहेत. पत्र अशासाठी लिहितोय की फोनवर आपलं दोघांचं काही खरं नाही. तू विचारतेस, जेवलात का, मी म्हणतो, जेवलो. मी विचारतो, थंडी आहे का, तू म्हणतेस, आहे. मग हवामान खात्यातल्या दोन कारकुनांसारखी आपण एकमेकांना पाऊसपाण्याची माहिती देतो आणि फोन ठेवतो. लहानपणी तुला पाच मिनिटं गप्प बसवायचं म्हणजे तुझ्या आईच्या नाकी नऊ यायचे. शाळेतून येताना तुझ्या बातम्या जिन्यातच सुरू व्हायच्या. ती पोरगी गेल्या पाच वर्षांत माझ्याशी दोन मिनिटांच्या वर बोललेली नाही. ही तक्रार नाही गं. तू का बोलत नाहीस ते मला माहीत आहे, आणि त्यात माझा हात किती, तेच लिहायला आज बसलोय. पत्र लांबणार आहे. दार लावून निवांत वाच.

आधी कामाचं सांगतो, कारण सगळं तिथूनच वर आलं. निवृत्तीला माझे पाच महिने राहिलेत. आमचं ते लांब पल्ल्याचं जुनं विमान मोठ्या दुरुस्तीसाठी हँगरमध्ये उभं आहे. त्यातल्या बिझनेस क्लासच्या बेचाळीस सीटा आता एकोणीस वर्षांच्या झाल्या. त्या आणखी पाच वर्षं चालवायच्या की उपटून टाकायच्या, हे ठरवायला माहितगार माणूस हवा होता. त्या पहिल्यांदा बसवल्या तेव्हा हातात पाना घेऊन आम्ही चौघं होतो, त्यातले आता मी आणि लांब्या असे दोघंच उरलोत. लांब्या म्हणजे तुझ्या लग्नात ज्याचं डोकं हॉलच्या चौकटीला दोनदा आपटलं तो. त्याचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या नव्या मॅनेजर बाईंनी एक फॉर्म दिला, एकेका सीटला एकोणीस रकाने. बसून बघा, आडवे व्हा, कुशीवर वळा, पाय ताणा, बटणं दाबा, फोम चाचपा, त्या सीटचं दुरुस्तीचं कार्ड पहिल्या दिवसापासून वाचा, आणि शेवटी लिहा, ठेवावी, दुरुस्त करावी की काढावी.

मी कामावर जाऊन झोपा काढतो, असं तुझी आई जन्मभर म्हणत आली. शेवटी तिचं म्हणणं खरं झालं, मी पगार घेऊन रोज चार चार सीटांवर झोपत होतो. काय सांगू तुला, या सीटा नव्या होत्या तेव्हा आम्हाला त्यांचा केवढा तोरा होता! विमानात माणूस आडवा होतो, हेच नवल होतं. पण आता शांतपणे आडवं झाल्यावर त्यांच्या खोडी कळल्या. सपाट म्हणतात, पण डोक्याकडून पायाकडे उतार आहे, तासाभरात माणूस घसरत घसरत खाली जातो. पाय घालायचा कप्पा एवढा अरुंद की माझे दोन्ही पाय एकावर एक ठेवावे लागले. कमरेखालचा फोम बसलाय. दोन शेजाऱ्यांमध्ये आडोसा म्हणून हाताच्या पंजाएवढी पट्टी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सीटा दोन-दोनच्या जोड्यांत आहेत. बाहेरचा माणूस आडवा झाला की खिडकीकडच्याला वाटच राहत नाही, त्याला ओलांडून जावं लागतं. मॅनेजर बाई म्हणाल्या, आता प्रवाशांना सीटला दार लागतं. मी म्हटलं, बाई, आमच्या न्हाणीघराला नीट लागणारं दार बसवायला आमच्या हिनं चार वर्षं माझ्यामागे भुणभुण लावली होती, आणि तुम्ही खुर्चीला दार मागता! त्या हसल्या, मीही हसलो.

आता तुझ्याकडे येतो. सहा वर्षांपूर्वीचा तो आठवडा तू मनात किती वेळा उलटसुलट केला असशील, मला कल्पना आहे. तिकडच्या डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख अलीकडे आणली, तू घाबरलीस आणि आईला म्हणालीस, लगेच ये. ती आली. दुसऱ्याच दिवशी तुझ्या कळा सुरू झाल्या. तू तिला सांगितलंस, दाराबाहेरच बस, कुठे जाऊ नकोस, मला तुझा आवाज ऐकू आला पाहिजे. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत ती त्या लाकडी बाकावर बसून राहिली. जावईबापूंनी चारदा सांगितलं की खाली जाऊन काही खाऊन या, तर ती म्हणाली, पोरीनं हाक मारली तर? संध्याकाळी भिंगरी जन्माला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला मांडीवर घेऊन बसलेली असताना तुझ्या आईला धाप लागली आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. पायात रक्ताची गाठ झाली होती, ती वर फुप्फुसात गेली, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी तुला विचारलं, त्या कशा आल्या, विमानात बसून होत्या का? तू म्हणालीस, नाही, बिझनेस क्लासनं आली, पूर्ण आडवी झोपून आली. तसं तुला तिनंच सांगितलं होतं. मग डॉक्टरांनी बाकाबद्दल विचारलं, आणि तेव्हापासून तू तो बाक उरावर घेऊन फिरते आहेस.

आणि त्या बाकावर माझं एक वाक्य मी आणून ठेवलं. पहिल्या वर्षी, एकदा तू फोनवर रडत होतीस तेव्हा मी म्हणालो होतो, तिला एवढं बसवायला नको होतं गं. तू एकदम रडायची थांबलीस. मला वाटलं, चला, जरा शांत झाली. इतका मी शहाणा. त्या दिवसानंतर तू माझ्याजवळ एकदाही रडली नाहीस आणि आपण पाऊसपाण्यावर आलो. हे वाक्य मी बोललो तेव्हा मला तसं खरंच वाटत होतं, हे कबूल करतो. बायको गेलेल्या माणसाला कुणावर तरी राग काढायचा असतो, आणि मला हाताशी तूच सापडलीस.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही, ते सांगतो. आमच्या वर्कशॉपमध्ये एक पद्धत होती, तिला आम्ही ‘घरची सीट’ म्हणायचो. आमच्या घरच्यांना विमान कंपनीकडून फुकट तिकीट मिळायचं, पण विमानात जागा उरली तरच. विमान भरलं की बॅगा घेऊन घरी परत. मात्र एखाद्या सीटची पाठ मागे जात नसेल, तर तिच्यावर लाल चिठ्ठी लागते आणि ती प्रवाशाला देत नाहीत. अगदी शेवटच्या क्षणी काउंटरवरचे लोक ती आमच्यापैकी कुणाला तरी देतात, कारण घरचा माणूस तक्रार करत नाही. हे आमच्या लक्षात आलं आणि आम्ही डोकं चालवलं. कुणाच्या घरी खरी नड असली की आम्ही एका चांगल्या सीटच्या मोटरचा प्लग काढायचो आणि लाल चिठ्ठी लावायचो. कुणी बटण दाबून पाहिलं तरी सीट हलायची नाही. मग विमान वर गेलं की आपल्या माणसानं हात टेकायच्या कठड्याखालची तार ओढायची. मोटर बंद पडली तर सीट हातानं सपाट करता यावी म्हणून ती तार असते. तार ओढली की पाठ खाली, आणि आपला माणूस राजासारखा झोपायचा. लांब्यानं आपल्या वडिलांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी असंच नेलं. शिवणकाम बघणाऱ्या बाईंनी मुलाला परीक्षेसाठी असंच पाठवलं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट आपण किती हुशार असंच वाटायचं.

तुझा फोन आला तेव्हा आठ दिवसांची सगळी विमानं भरलेली होती. तुझी आई बॅग भरत बसली होती. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी बघतो. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला आपल्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं आणि तार कुठे असते, कशी ओढायची, ते दाखवलं. खुर्चीखाली सुतळीचा तुकडा बांधून तिच्याकडून तीनदा ओढून घेतला. ती म्हणाली, मला विमानात बसवताय की बैलगाडी हाकायला लावताय? मग मी तिला बजावलं, आणि हे नीट ऐक म्हणालो. काही झालं तरी बटण दाबून कुणाला बोलवायचं नाही. सीट चालत नाही म्हणून बोभाटा केलास तर चौकशी होईल आणि निवृत्तीच्या आधीच मी घरी बसेन. मुकाट्यानं बसायचं. मी हे अर्धं चेष्टेनं म्हणालो होतो. पण तुला तुझी आई माहीत आहे. चेष्टेत सांगितलेलीही गोष्ट ती पाळायची.

विमान त्या दिवशी उशिरा आलं. मला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. सातवी रांग, खिडकीकडची सीट. मी वाकून मोटरचा प्लग काढत होतो तेवढ्यात तिचा फोन आला. बाळाची दुपटी हातातल्या बॅगेत घेऊ की मोठ्या? हातातल्या घे म्हटलं. आणि तुझ्यासाठी घेतलेल्या जाड पायमोज्यांचं काय? तेही घे. फोन खांद्यात धरून मी चिठ्ठी लावली, कार्डावर नोंद केली, बटण दाबून सीट हलत नाही ना ते पाहिलं. खालून माणसं चढायला लागली तसा मी मागच्या दारानं उतरलो. एक काम राहिलं. ती तार मी स्वतः एकदा ओढून पाहिली नाही. पस्तीस वर्षं मी सीटा तपासतोय, दुसऱ्यांच्या घरच्यांसाठी प्रत्येक वेळी ओढून पाहिली होती, आणि माझ्याच बायकोच्या वेळी पाहिली नाही.

ती पोचल्यावर तिचा फोन आला. मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? कशी आहेस, हा नाही. सीट चालली का, हा. ती म्हणाली, चालली म्हणजे काय, ताणून दिली मी, थेट उतरतानाच उठले. माझा जीव भांड्यात पडला. लांब्याकडे मी दिवसभर फुशारकी मारली. पुढे सहा वर्षं मला कुणी विचारलं असतं तरी मी छातीठोकपणे सांगितलं असतं की ती झोपून गेली. तू बाकाला दोष देत होतीस तेव्हा मी गप्प राहिलो, कारण विमानातलं सगळं ठीक होतं अशी माझी खात्री होती. खात्री म्हण, किंवा मला तीच हवी होती म्हण.

तर, सीटा तपासता तपासता दहाव्या दिवशी मी सातव्या रांगेला पोचलो. ती खिडकीकडची सीट मी दोन दिवस टाळली, बाकीच्या पाच आधी उरकल्या. मग एका सकाळी तिचं कार्ड घेऊन बसलो. एकोणीस वर्षांच्या नोंदी, बहुतेक माझ्याच अक्षरातल्या. माझ्या खोट्या नोंदीखाली लगेच लांब्याचं कोंबडीच्या पायाचं अक्षर होतं. त्यानं लिहिलं होतं: मोटरचा प्लग जोडला. हाताची तार कठड्यापाशी गंजून तुटलेली आढळली, गंज जुना. नवी तार बसवली. खाली तारीख होती, आणि ती भिंगरीच्या जन्माची होती. विमान तुझ्या आईला सोडून त्या दिवशी परत आलं होतं, आणि त्या दिवशी माझी सुट्टी होती, नात झाली म्हणून पेढे आणायचंही न सुचून मी नुसताच शेजाऱ्यांचे दरवाजे वाजवत हिंडत होतो. मी ती ओळ परत परत वाचली. बैलगाडी हाकायला निघालेल्या माझ्या बायकोच्या हातात नुसता तुटका दोर आला होता.

मी तडक लांब्याकडे गेलो आणि कार्ड त्याच्यापुढे धरलं. त्यानं चष्मा पुसून ती ओळ वाचली. मग म्हणाला, अरे, दुसऱ्या दिवशी तुला चिडवणार होतो मी. म्हणणार होतो, वहिनींना तेरा तास ताठ बसवलंस, आता घरी आल्या की तुझी खैर नाही. तर दुसरा दिवस तो तसा उजाडला. मग काय सांगू तुला? सांगून त्या परत येणार होत्या का? मी त्याच्यावर ओरडलो. पोरं काम थांबवून बघायला लागली. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं की हा माणूस सहा वर्षं रोज माझ्याबरोबर डबा खाताना हे गिळत आलाय. मला त्याच्यावर राग धरता आला नाही. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

मॅनेजर बाईंना मी सांगितलं की पूर्ण प्रवासाएवढा वेळ बसून एक चाचणी करायची आहे. सकाळी सहाला मी त्या सीटवर बसलो, मोटरचा प्लग काढून, पट्टा लावून. शेजारची सीट सपाट करून लांब्या तिच्यावर आडवा झाला. म्हणाला, चाचणी करायची तर पुरी कर, शेजारी पण हवा. त्याचे पाय कप्प्यात मावत नव्हते म्हणून बाहेर लोंबत होते. पहिले तीन तास मी इकडचं तिकडचं आठवत बसलो. पाचव्या तासाला मला उठावंसं वाटलं, आणि तेव्हा कळलं की उठायचं म्हणजे झोपलेल्या माणसावरून पाय टाकून जायचं. मी जाऊ शकलो असतो. पण साठीला आलेली तुझी आई, एक अनोळखी पुरुष आडवा पडलेला, अंधार केलेलं विमान. ती त्याला ओलांडून जाणार नाही, आणि उठवणारही नाही. उठावं लागू नये म्हणून ती पाणी पिणार नाही. म्हणून मीही प्यायलो नाही. नवव्या तासाला पोटऱ्या दगड झाल्या. डोक्यावर ते बोलावण्याचं बटण होतं, त्यावर छोट्या माणसाचं चित्र असतं, बोट लांब केलं की लागतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि माझंच वाक्य मला ऐकू येत होतं, मुकाट्यानं बसायचं. संध्याकाळी सातला लांब्यानं मला धरून उठवलं. काढून ठेवलेले बूट पायात चढेनात. तेव्हा मला तुझं बोलणं आठवलं. आई विमानातल्या कापडी सपाता घालूनच विमानतळाबाहेर आली आणि बूट पिशवीत होते, तू तिला हसलीस, ती म्हणाली बूट चावतात. मी हातात बूट घेऊन हँगरच्या पायरीवर बसलो आणि पोरांसमोर रडलो. लाज वाटली नाही.

मग मी कंपनीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. ते म्हणाले, तेरा तास पाय खाली, पाणी नाही, एकदाही उठणं नाही, आणि उतरताना पाय सुजलेले, तर गाठ तिथेच धरलेली असणार. मी बाकाचं विचारलं. बाकानं थोडी भर घातली असेल नसेल, पण बाई आजार घेऊनच विमानातून उतरल्या, असं ते म्हणाले. म्हणजे तू तिला बोलावलंस त्यात काही चुकलं नाही. तुझ्या दारापाशी बस म्हणालीस त्यातही काही चुकलं नाही, आई दुसरीकडे कुठे बसणार? तुला वाटतं तू तिला बसवलंस. तिला मी बसवलं, बाळा. मी बसवलं, आणि वर सांगितलं की तोंड उघडू नकोस. ती तुझ्याशी खोटं बोलली ते माझ्यासाठी, आणि माझ्याशी खोटं बोलली तेही माझ्यासाठीच. तेव्हा माझं ते फोनवरचं वाक्य तू मनातून काढून टाक. माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागतो.

अहवाल मी मागच्याच आठवड्यात दिला. बेचाळीसच्या बेचाळीस सीटा काढाव्यात असं लिहिलं, आणि कारण लिहिलं की खिडकीकडच्या माणसाला उठता येत नाही. बाईंना वाटत होतं, निम्म्या तरी वाचतील. शेवटच्या पानावर मी घरच्या सीटचा सगळा प्रकार लिहिला. नाव फक्त माझं घातलं. त्यावर चौकशी बसली आहे, मला घरी बसायला सांगितलंय. लांब्या म्हणतो, पाच महिन्यांसाठी कशाला हा उपद्व्याप? मी म्हटलं, अजून एखादा वीस मिनिटांच्या घाईत तार ओढून बघायला विसरेल म्हणून.

पण खरं सांगू का, कंपनीला लिहिण्याइतकी हिंमत माझ्यात होती, तुला लिहिण्याइतकी नव्हती. तुला हे कधीच सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. मनाशी म्हणत होतो, पोरीला आता कुठे सवय झाली असेल, कशाला पुन्हा खपली काढा. ते तुझ्या भल्यासाठी नव्हतं, माझ्या भित्रेपणामुळे होतं. मग परवाच्या रविवारी भिंगरीचा फोन आला. तू स्वयंपाकघरात होतीस. तुला ठाऊक आहे, रविवारी ती माझ्याशी अर्धा अर्धा तास बोलते, शाळेतल्या भांडणांपासून पडलेल्या दातापर्यंत सगळं सांगते. माझ्या आठवड्यात तेवढाच एक आवाज आहे. त्या दिवशी ती मधेच थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, आजोबा, आजी माझ्यामुळे मेली का? मी विचारलं, तुला कोणी सांगितलं असं? ती म्हणाली, आई रडत होती आणि बाबांना सांगत होती. मी पोटातून लवकर आले ना, म्हणून आजीला बाकावर बसावं लागलं. मी काय केलं सांगू? मी म्हणालो, आवाज नीट येत नाहीये बाळा, आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता. सहा वर्षांचं पोर, आणि त्या बाकाच्या ओझ्याखाली आता तेही येऊन बसलंय. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी फोन तिच्या हातात दे आणि तू तिच्या शेजारी बस. मी तिला सांगणार आहे की आजी तुझ्यामुळे गेली नाही, आईमुळेही नाही, आजोबांनी एक काम नीट केलं नाही म्हणून गेली. हे माझ्याच तोंडून तिनं ऐकायला हवं. ऐकून ती माझ्याशी बोलेनाशी झाली तर तिला आग्रह करू नकोस. तू मात्र तिच्याशी बोल, पोटभर बोल.

तुझाच,
बाबा